पन्हेरी ते विद्यापीठ : डॉ. पंजाबराव देशमुख यांचा संस्थावारसा आणि वऱ्हाडातील संत्रा

फळबागांचा इतिहास अनेक देशांत वनस्पतींचा शोध घेणाऱ्या व्यक्तींच्या आणि त्यांनी स्थापन केलेल्या मंडळांच्या आधाराने लिहिला गेला आहे. लंडनमध्ये १८०४ साली बागायतीला वाहिलेले मंडळ स्थापन झाले. विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८२० मध्ये कलकत्त्यास कृषी व बागायत मंडळ काढले. १८३० मध्ये मुंबईत पश्चिम भारतासाठी तशीच संस्था उभी राहिली आणि पुण्याची एम्प्रेस गार्डन पुढे तिच्या देखरेखीखाली आली. बाहेरून नवे वाण आणणे, ते बागेत लावून पारखणे, त्यांची कलमे सभासदांना पुरवणे आणि प्रदर्शने भरवून चांगल्या मालाला बक्षीस देणे, असे या मंडळांच्या कामाचे स्वरूप असे. वऱ्हाडात हा क्रम उलटा दिसतो. येथे कलम बांधण्याचे कौशल्य आधी रुजले, बागा नंतर पसरल्या आणि या दोहोंना आधार देणाऱ्या संस्था सर्वांत शेवटी आल्या. शिवाय ज्यांनी त्या संस्थांची पायाभरणी केली ते डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख बागायततज्ज्ञ नव्हते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले, बॅरिस्टर झालेले आणि कर्ज, शिक्षण व संघटना या तीन प्रश्नांच्या मार्गाने शेतीकडे आलेले असे ते लोकनेते होते. त्यामुळे त्यांच्या संस्थावारशाचे मोजमाप वऱ्हाडातील संत्र्याच्या संदर्भात केले, तर त्या वारशाचे बळ आणि त्यातली उणीव या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

कापसाच्या मुलखातील बागायत

वऱ्हाड म्हणजे स्थूलमानाने आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ हे जिल्हे. हा प्रदेश निजामाच्या राज्यातून १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला अचानक मागणी आली, आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचल्यावर हा व्यापार कायमचा झाला. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतमालाच्या नियंत्रित बाजाराचा, म्हणजे मापाडी, अडत्या आणि खरेदीदार यांना नियमांनी बांधणाऱ्या व्यवस्थेचा, भारतातील प्रारंभ येथूनच मानला जातो. सरकारची नजर, सावकाराचे भांडवल आणि रेल्वेचे डबे हे सारे कापसामागे धावत असल्यामुळे बागायत हा अधिकृत आस्थेचा विषय फारसा झाला नाही.

तरीही बागायत नव्हती असे नाही. ती कोठे असावी हे भूगोलाने ठरवले होते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधला पूर्णा नदीचा सखल भाग पयानघाट या नावाने ओळखला जातो आणि त्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा टापू खारपाण पट्ट्यात मोडतो. खारपाण पट्टा म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेला प्रदेश. तेथे विहीर खोदली तरी तिच्या पाण्यावर बाग तगत नाही. म्हणून वऱ्हाडातील फळबागा या पट्ट्याच्या कडांना वाढल्या. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी, अचलपूर आणि चांदूर बाजार; पूर्वेला वर्धा नदीच्या खोऱ्यात मोर्शी आणि वरूड; दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळीच्या बाजूस लिंबाच्या बागा, अशी ही रचना आहे. अंजनगाव आणि अकोटच्या परिसरातील पानमळे, म्हणजे विड्याच्या पानांच्या वेलींचे सावलीत जोपासलेले मळे, हे या पायथ्याच्या गोड्या पाण्याचे जुने अपत्य होय. संत्रा याच पाण्यावर आला.

संत्र्याच्या आगमनाविषयी परंपरेने असे सांगितले जाते की नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडून त्याची झाडे आणवून आपल्या बागेत लावली. दरबारी बागेतील हे फळ तेथून काटोल आणि नरखेडच्या बाजूने पसरत वर्धा नदी ओलांडून वरूड-मोर्शीत स्थिरावले. नागपूर संत्रा हे त्याचे व्यापारी नाव कायम राहिले असले, तरी महाराष्ट्रात संत्र्याखालील सर्वाधिक क्षेत्र आज अमरावती जिल्ह्यात आहे आणि वरूड तालुक्याला विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणण्याची पद्धत पडली आहे.

पन्हेरीतील विद्या

दरबारी बागेतील हौसेचे फळ शेतकऱ्यांच्या हजारो एकरांवर नेण्याचे काम कोणत्याही मंडळाने केले नाही. ते पन्हेरीने केले. पन्हेरी म्हणजे रोपवाटिका. वरूड तालुक्यातील शेंदुरजनाघाट हे गाव या व्यवसायाचे केंद्र असून तेथील संत्र्याच्या कलमा विदर्भाबाहेर अन्य राज्यांतही जातात. या कारागिरीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढील संस्थांचा इतिहास नीट कळत नाही.

संत्र्याचे झाड दोन वनस्पतींचे मिळून बनलेले असते. जमिनीत असलेला खालचा भाग, ज्याला खुंट म्हणतात, तो जंभेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो आणि वरचा फळे देणारा भाग संत्र्याचा असतो. जंभेरी हे जाड, खरबरीत सालीचे, खाण्यास फारसे उपयोगी नसलेले लिंबू; पण त्याची मुळे काटक असतात आणि झाडाला जोमाने वाढवतात. जंभेरीच्या एका बियेतून बहुधा एकापेक्षा अधिक अंकुर फुटतात, आणि त्यांतील बहुतेक अंकुर परागसंयोगातून आलेले नसून मातृवृक्षाच्या पेशींतून तयार झालेले असल्यामुळे ती रोपे मूळ झाडासारखीच एकजिनसी निघतात. संकरातून आलेली वेगळी रोपे पानांच्या ठेवणीवरून व वाढीवरून ओळखून पन्हेरीधारक ती उपटून टाकतो. वनस्पतिशास्त्राने ज्या घटनेला बहुभ्रूणता असे नाव दिले, तिचा उपयोग पन्हेरीतील माणूस नजरेच्या सवयीने करीत आला आहे. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चीर देऊन तिच्यात चांगल्या झाडाच्या काडीवरून ढालीच्या आकारात काढलेला डोळा बसवतात, वरून पट्टी आवळतात, आणि डोळा फुटला की खुंटाचा वरचा शेंडा छाटतात. डोळा बांधण्याचे हे काम कुशल हातांचे असून ते पुस्तकावाचून, एका पिढीकडून दुसरीकडे चालत आले.

बाग धरण्याची विद्याही अशीच अनुभवातून घडली. या हवामानात संत्र्याला वर्षात एकाहून अधिक वेळा फुले येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यास आंबिया बहार आणि पावसाच्या सुरुवातीस येणाऱ्या फुलोऱ्यास मृग बहार म्हणतात. आंबियाची फळे दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर, तर मृगाची फळे फेब्रुवारीपासून पुढे बाजारात येतात. झाडाने दोन्ही बहार धरले तर ते लवकर थकते, म्हणून शेतकरी बागेचे पाणी काही आठवडे तोडून तिला ताण देतो, पाने मलूल होऊन काही गळू देतो आणि मग खत-पाणी देऊन हवा तो बहार फोडतो. ताण किती दिवसांचा द्यायचा हे जमिनीच्या खोलीवर ठरते. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहत असल्याने तेथे ताण बसण्यास वेळ लागतो, तर हलक्या जमिनीत तो लवकर बसतो आणि चूक झाल्यास झाड वाळते.

या विद्येला दोन मर्यादा होत्या. पहिली अशी की तिला डोळ्यांना न दिसणारा रोग ओळखता येत नव्हता. वरून निरोगी दिसणाऱ्या झाडाच्या काडीत विषाणू असू शकतो आणि अशा एका झाडावरून शेकडो डोळे काढले तर शेकडो बागांत तो विषाणू पोहोचतो. तसेच पन्हेरीच्या सततच्या ओल्या मातीत फायटोप्थोरा ही बुरशी वाढते, मुळांबरोबर ती बागेत जाते आणि पुढे खोडातून डिंक ओघळू लागतो. शेतकरी या रोगाला डिंक्या म्हणतात. दुसरी मर्यादा अशी की प्रत्येक पन्हेरी आणि प्रत्येक बाग एकेकटी होती. एका गावात झालेल्या चुकीची नोंद दुसऱ्या गावात पोहोचावी, अशी कोणतीही सभा, पत्रिका किंवा प्रयोगक्षेत्र त्यांच्या मालकीचे नव्हते.

भाऊसाहेबांची जडणघडण

अशी सामायिक यंत्रणा शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, हा विचार वऱ्हाडात सर्वाधिक चिकाटीने भाऊसाहेब देशमुखांनी मांडला. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे राधाबाई. शिक्षणासाठी त्यांना पापळहून चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असे गावोगाव फिरावे लागले, कारण त्या काळी कुणब्याच्या मुलाला गावात चौथीच्या पुढची शाळा सहसा मिळत नसे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयानंतर १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले, बॅरिस्टर झाले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वेदांतील देवतांवर लिहिणारा हा विद्वान १९२६ मध्ये परत आल्यावर वकिलीच्या निमित्ताने ज्या पक्षकारांना भेटत होता, त्यांचे प्रश्न मात्र गहाणखत, जप्ती आणि व्याज यांचे होते.

सत्यशोधक विचारांचा प्रभाव असलेल्या भाऊसाहेबांनी १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी झालेल्या चळवळीत भाग घेतला, आणि १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर प्राथमिक शिक्षणाचा विस्तार हाती घेतला. अमरावतीतील श्रद्धानंद छात्रालयात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि पुढील काही दशकांत तिच्या शाळा, वसतिगृहे व महाविद्यालये वऱ्हाडभर पसरली. १९३० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून येऊन ते मंत्रीही झाले होते. त्या काळात त्यांनी पुरस्कारलेला कर्जलवाद कायदा १९३३ मध्ये झाला. लवाद मंडळापुढे सावकार आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून, थकलेली रक्कम कमी करून ती हप्त्यांनी फेडण्याची तडजोड घडवणे हे या कायद्याचे मुख्य तत्त्व होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळलेले असताना हा उपाय वऱ्हाडी कास्तकाराच्या दृष्टीने जमीन वाचवणारा ठरला.

या सर्व कामांत एक समान रीत दिसते. एखाद्या दुःखाचे निवारण करताना भाऊसाहेब दानावर किंवा व्यक्तिगत मदतीवर थांबत नसत. ते त्या दुःखासाठी कायम टिकणारे मंडळ, वसतिगृह किंवा कायदा निर्माण करीत. पिकाचे शास्त्र हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. शास्त्र शेतकऱ्यापर्यंत जाण्यासाठी मध्ये कोणती साखळी असावी, हा होता.

कृषक समाज आणि एका तुलनेचे उत्तर

संविधान सभेचे सदस्य राहिल्यानंतर भाऊसाहेब अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्र शासनात शेतीखात्याचे मंत्री होते. भाताच्या जपानी पद्धतीचा, म्हणजे निवडक बियाणे, गादीवाफ्यावरील रोपे आणि ओळीत ठरावीक अंतरावर लावणी यांचा, देशभर प्रसार त्यांच्या कारकिर्दीत झाला. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. हा समाज कोणत्याही राजकीय पक्षाचा नसावा, त्यात लहान-मोठा प्रत्येक शेतकरी सभासद असावा आणि त्याने सरकार, संशोधक व शेतकरी यांच्यामध्ये दुवा म्हणून काम करावे अशी कल्पना होती. दिल्लीत डिसेंबर १९५९ मध्ये भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हा या कल्पनेचा सर्वांत भव्य आविष्कार होता; त्याच्या उद्घाटनास राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्यासह अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते.

येथे वरूडला लाभलेल्या कॅलिफोर्निया या उपनामाचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे १८७३ मध्ये ब्राझीलमधील मूळ वाणाची बिनबियांच्या संत्र्याची दोन झाडे लावली गेली आणि तेथील मोठ्या फळउद्योगाची सुरुवात त्यांच्या डोळ्यांपासून झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, तेथील बागायतदारांनी दलालांच्या साखळीला कंटाळून आपली विक्री संघटना उभारली. तीच पुढे सनकिस्ट या नावाने प्रसिद्ध झाली. १९०७ मध्ये त्याच गावी लिंबूवर्गीय फळांचे संशोधन केंद्र निघाले. म्हणजे पहिल्या झाडापासून संघटनेपर्यंत वीस वर्षे आणि संशोधन केंद्रापर्यंत चौतीस वर्षे लागली. भोसल्यांच्या बागेतील पहिल्या झाडापासून वऱ्हाडातील कृषी विद्यापीठापर्यंत सुमारे पावणेदोनशे वर्षे गेली. हवा, पाणी आणि माणसाचे कौशल्य या बाबतींत वरूड उणे नव्हते. उणे होती ती बागायतदारांच्या मालकीची संघटना आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली प्रयोगशाळा.

भाऊसाहेबांच्या कृषक समाजाने ही उणीव का भरून काढली नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर समाजाच्या रचनेत आहे. तो सर्व पिकांच्या सर्व शेतकऱ्यांचा देशव्यापी मंच होता, आणि म्हणून धोरण, प्रदर्शन, प्रशिक्षण व देवाणघेवाण यांवर त्याचा भर राहिला. एका पिकाचा माल गोळा करणे, प्रतवारी लावणे, शीतगृह चालवणे आणि सभासदाने माल संघटनेलाच दिला पाहिजे असे बंधन पाळवणे, ही कामे पीकवार संघाचीच असतात. संत्र्याच्या बाबतीत तसा प्रयत्न नागपूरला झाला होता. तेथील संत्रा बागायतदार संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नोगा हे नाव पडले, त्याने फळप्रक्रियेत पदार्पण केले, आणि पुढे तो उद्योग राज्य शासनाच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. आज नोगा हे नाव बाटलीबंद रस, जॅम आणि टोमॅटो केचपवर आढळते. बागायतदारांच्या संघटनेशी त्याचा मूळ संबंध किती होता याची कल्पना ग्राहकाला नसते.

अकोल्याचे विद्यापीठ

भाऊसाहेबांचे १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत निधन झाले. त्यांच्या हयातीत वऱ्हाडात कृषिशिक्षणाची सोय अपुरी होती. विदर्भातील जुने कृषी महाविद्यालय नागपूरचे, १९०६ चे. अकोल्याचे महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ स्थापन करण्याचे ठरले तेव्हा ते कोठे असावे यावरून १९६७ मध्ये विदर्भात तीव्र आंदोलन झाले आणि त्यात अकोल्यात काहींना प्राणही गमवावे लागले. पहिले विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला झाले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन होऊन त्याला पंजाबरावांचे नाव देण्यात आले. स्वतः फळझाडांचा शास्त्रज्ञ नसलेल्या माणसाच्या नावाने विदर्भातील फळशास्त्राची मुख्य संस्था ओळखली जावी, यात विसंगती नाही. शास्त्र आणि शेत यांच्यामधला जो दुवा त्यांनी आयुष्यभर मागितला, त्याचेच ते मूर्त रूप होते.

त्याच १९६९ साली महाराष्ट्रात फळरोपवाटिका आणि फळझाडांच्या कलमांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा झाला. पन्हेरीधारकाने परवाना घ्यावा, कलमांच्या मूळ झाडांची नोंद ठेवावी आणि ग्राहकाला वाणाची खरी माहिती द्यावी, ही त्यामागील दृष्टी होती. विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाने खुंटांची तुलना, दोन झाडांमधील अंतर, बहार धरण्याची वेळ आणि खतांच्या मात्रा यांवर शिफारशी दिल्या. संत्र्याची लागवड सहा मीटर चौरस अंतरावर केल्यास एका हेक्टरमध्ये २७७ झाडे बसतात; हा हिशेब आज प्रत्येक बागायतदाराला तोंडपाठ आहे. अकोल्याच्या प्रक्षेत्रावर निवड पद्धतीने विकसित झालेला पीकेव्ही लाइम हा कागदी लिंबाचा वाण दक्षिणेकडील तालुक्यांतील लिंबूबागांना मिळाला. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेने कृषी महाविद्यालयाच्या जोडीला उद्यानविद्येचे स्वतंत्र महाविद्यालय चालवले, आणि अशा रीतीने शेतकऱ्यांच्या मुलांना साक्षर करण्यासाठी निघालेली संस्था त्यांच्याच बागांचे शास्त्र शिकवू लागली. पुढे १९८५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले. तेथे झाडाच्या शेंड्यावरचा मिलिमीटरपेक्षाही लहान तुकडा काढून, जेथे विषाणू सहसा पोहोचलेला नसतो, तो काचनळीतील खुंटावर सूक्ष्म कलमाने बांधण्याची पद्धत वापरून रोगमुक्त मातृवृक्ष तयार केले जातात. पन्हेरीच्या विद्येची पहिली मर्यादा शास्त्राने येथे ओलांडली.

ऱ्हास, पाणी आणि बाजार

शास्त्र पोहोचण्यास झालेल्या विलंबाची किंमत मात्र बागांनी आधीच मोजण्यास सुरुवात केली होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विदर्भाच्या संत्रापट्ट्यात झाडे अकाली वाळू लागली. शेंड्याकडून फांद्या सुकणे, पाने पिवळी पडणे, फळे लहान राहणे आणि काही वर्षांत सगळे झाड जाणे, या क्रमाला अभ्यासक संत्र्याचा ऱ्हास म्हणतात. त्याचे एकच कारण नाही. मुळांवरची बुरशी, विषाणू, पाण्याचा निचरा न होणारी चुनखडीची भारी जमीन, वर्षातून दोन बहार धरण्याची घाई आणि निकृष्ट कलमा ही कारणे एकमेकांना बळ देतात. त्यात काळ्या माशीचा उपद्रव झाला. ही माशी पानांतील रस शोषून चिकट द्रव सोडते, त्यावर काळी बुरशी चढते आणि सारी बाग धुरकट दिसू लागते. शेतकरी याला कोळशी म्हणतात. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे द्रावण, खोडाला लावणे व फवारणे हा डिंक्यावरचा जुना उपाय, आणि डोळा जमिनीपासून पुरेशा उंचीवर बांधणे हा प्रतिबंध. पण कलम विकत घेताना तिचा डोळा किती उंचीवर आहे हे पाहण्याची सवय गिऱ्हाइकाला आणि तशी कलम विकण्याची सक्ती पन्हेरीला, या दोन्ही गोष्टी सार्वत्रिक झाल्या नाहीत. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेमुळे कलमांची मागणी एकाएकी वाढली, आणि जेथे मागणी पुरवठ्यापेक्षा झपाट्याने वाढते तेथे निवडीची काटेकोरता आधी ढिली होते.

पाण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. वरूड आणि मोर्शी तालुक्यांत संत्र्यासाठी विहिरींमागून कूपनलिका खोल जात राहिल्या आणि भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाल्यामुळे या भागाची गणना अतिशोषित क्षेत्रात झाली. मोर्शीजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण असले, तरी डोंगरपायथ्याच्या अनेक बागा आजही भूजलावरच उभ्या आहेत. कूपनलिका ही व्यक्तीची आणि भूजल सर्वांचे. त्यामुळे त्याचे व्यवस्थापन गावाने मिळून केल्याविना होऊ शकत नाही.

बाजाराच्या बाबतीत वऱ्हाडात अनेक ठिकाणी उभ्या बागेचा सौदा होतो. व्यापारी फळे झाडावर असतानाच बाग पाहतो, अंदाज बांधतो, इसार देतो आणि तोडणी स्वतः करतो; फळांचा भाव हजाराच्या हिशेबाने ठरतो. या पद्धतीत शेतकऱ्याला तोडणी व वाहतुकीचा त्रास पडत नाही, परंतु प्रतवारीचा लाभही मिळत नाही आणि बाजार पडल्यास व्यापारी सौदा मोडण्याची भीती राहते. महाऑरेंज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागायतदारांच्या सहकारी संघाने प्रतवारी, मेणलेपन आणि निर्यात यांसाठी प्रयत्न केले आहेत, आणि २०१४ मध्ये नागपूर संत्र्याला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला आहे. तथापि या फळाची मुख्य परदेशी बाजारपेठ असलेल्या बांगलादेशाने अलीकडच्या वर्षांत आयात शुल्क वारंवार वाढवले, तेव्हा एका देशावर विसंबलेला व्यापार किती नाजूक आहे हे उघड झाले. कापसाच्या बाजाराला १८९७ मध्येच कायद्याचा आधार देणाऱ्या वऱ्हाडात संत्र्याचा सौदा एका शतकानंतरही बव्हंशी तोंडी विश्वासावर चालावा, ही या इतिहासातील सर्वांत बोलकी विसंगती होय.

वारशाचे मूल्यमापन

भाऊसाहेब देशमुखांच्या कार्याचे गुणगान वऱ्हाडात मुबलक होते आणि ते अनाठायी नाही. परंतु त्यांच्या वारशाचा खरा आशय त्यांनी जोडू पाहिलेल्या तीन कड्यांत आहे. शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षण मिळावे ही पहिली कडी. शेतीचे शास्त्र निर्माण करणारी संस्था त्याच्या प्रदेशात असावी ही दुसरी. आणि शेतकऱ्याने आपल्या मालकीची, पक्षनिरपेक्ष संघटना उभारून त्या शास्त्राचा व बाजाराचा कारभार स्वतःच्या हाती ठेवावा ही तिसरी. संत्र्याच्या संदर्भात पहिली कडी श्री शिवाजी शिक्षण संस्थेने आणि दुसरी अकोल्याच्या विद्यापीठाने, मग नागपूरच्या केंद्राने, बऱ्याच अंशी जोडली. तिसरी कडी कच्ची राहिली, आणि म्हणून रोगमुक्त कलमेचे तंत्र उपलब्ध असतानाही रोगट कलम विकली जाते, पाण्याची मोजणी होत असतानाही उपसा थांबत नाही, भौगोलिक निर्देशांक मिळूनही भाव व्यापाऱ्याच्या अंदाजाने ठरतो.

या निष्कर्षातून पन्हेरीधारकाला दोषी ठरवणे हा उथळ मार्ग होईल. प्रदेशाला संत्रा त्यानेच दिला आणि ज्या काळात कोणतेही मंडळ नव्हते त्या काळात वाण टिकवण्याचे काम त्याच्याच हातांनी केले. कॅलिफोर्नियातील बागायतदारांच्या संघटनेने दलालीला उत्तर दिले ते स्वतःच्या नियमांना आधी स्वतः बांधून घेऊन. वऱ्हाडात असे बंधन पन्हेरीधारक, बागायतदार आणि विद्यापीठ यांनी मिळून, तालुक्याच्या पातळीवर, नोंदणीकृत मातृवृक्षांपासून ते तोडणीच्या करारापर्यंत स्वीकारले, तर भारत कृषक समाजाच्या मूळ कल्पनेला पिकाच्या पातळीवर आकार येईल. भाऊसाहेबांनी दिल्लीत उभारलेल्या मंचापेक्षा अशा तालुकासंघाचे क्षेत्र फार लहान असेल; पण ज्या कामासाठी त्यांनी तो मंच उभारला, ते काम वरूड, मोर्शी, अचलपूर आणि अकोटमध्येच पूर्ण होऊ शकते.